विश्लेषण : 'गुड टच, बॅड टच' सांगून झालं, पुढे काय? पहिली ते पाचवीच्या मुलांना शरीर, भावना आणि सुरक्षिततेबद्दल काय शिकवायला हवं?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० ऑगस्टला संतप्त नागरिक थेट रेल्वे रुळांवर उतरले. लोकलसेवा कित्येक तास ठप्प होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सरकारने आदेश काढले. शाळांना सीसीटीव्ही लावायला सांगितलं, तक्रारपेट्या आणि समित्यांची आठवण करून दिली. त्यानंतर अनेक शाळांत एक कार्यक्रम हमखास झाला, तो म्हणजे 'गुड टच, बॅड टच'. बाहेरून एक ताई येतात, सभागृहात दोनशे मुलं बसतात, पडद्यावर व्हिडिओ लागतो, शेवटी 'समजलं का?' असं विचारलं जातं आणि सगळी मुलं एका सुरात 'हो' म्हणतात. फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो आणि विषय संपतो.

तासाभराच्या अशा सत्रातून सहा वर्षांच्या मुलाला नेमकं काय कळतं? कायद्याची अपेक्षा काय आहे? आणि हा विषय वर्षभर शिकवायचा म्हटलं तर तो कोणी, कधी आणि कोणत्या शब्दांत शिकवायचा?

विषय फक्त स्पर्शापुरता आहे का?

नाही. इंग्लंडमधल्या शाळांत या विषयाला 'पर्सनल, सोशल, हेल्थ अँड इकॉनॉमिक एज्युकेशन', म्हणजे 'पीएसएचई' म्हणतात. सोप्या मराठीत सांगायचं तर स्वतःला सांभाळायचं, दुसऱ्याशी नीट वागायचं आणि अडचणीत मदत मागायची, याचं शिक्षण. त्यात दात घासण्यापासून पोषणापर्यंत, राग आल्यावर काय करायचं इथपासून वर्गात कोणी चिडवत असेल तर कोणाला सांगायचं इथपर्यंत सगळं येतं. मोबाइलवर अनोळखी माणसाने फोटो मागितला तर काय करायचं, वयात येताना शरीरात काय बदल होतात, हेही त्यातच येतं.

स्पर्शाचा धडा या मोठ्या साखळीतली एक कडी आहे. ज्या मुलाला 'मला भीती वाटतेय' हे वाक्य मोठ्यांसमोर बोलायची सवयच नाही, ते मूल 'मला अमक्याने असा हात लावला' हे एकाएकी कसं बोलेल? भावना ओळखणं आणि बोलून दाखवणं ही पहिली पायरी आहे. आपण बऱ्याचदा तीच गाळतो आणि थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतो.

कायदा काय सांगतो?

लहान मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालच्या मुलगी आणि मुलगा दोघांनाही तो लागू होतो. त्यात शिक्षा काय, खटला कसा चालवायचा याची तरतूद आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. पण मार्च २०२० मध्ये लागू झालेल्या पोक्सो नियमांत शिक्षणाबद्दलही स्पष्ट लिहिलेलं आहे, याची चर्चा फारशी होत नाही.

या नियमांनुसार मुलांसाठी वयानुरूप शैक्षणिक साहित्य आणि अभ्यासक्रम तयार करणं ही केंद्र आणि राज्य सरकारांची जबाबदारी आहे. त्यात वैयक्तिक सुरक्षितता, भावनिक आणि मानसिक स्वास्थ्य, ऑनलाइन जगातली स्वतःची ओळख जपणं, तक्रार कुठे करायची आणि स्त्री-पुरुष समानता हे सगळं असायला हवं. १०९८ या हेल्पलाइनचाही त्यात उल्लेख आहे. थोडक्यात, हे शिक्षण ही शाळेची हौस किंवा एखाद्या संस्थेची मेहेरबानी नाही.

शाळेच्या दृष्टीने दुसरी महत्त्वाची तरतूद कलम १९ आणि २१ मध्ये आहे. अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची शक्यता दिसली, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हाताखालच्या कर्मचाऱ्याने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. 'शाळेचं नाव खराब होईल, आपण आपल्यातच मिटवू' हा सल्ला देणारा माणूस त्यामुळे स्वतःच कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. बदलापूर प्रकरणात माहिती न दिल्याबद्दल शाळेशी संबंधित व्यक्तींवरही गुन्हा दाखल झाला होता.

महाराष्ट्रात सध्या काय शिकवलं जातं?

काहीच शिकवलं जात नाही, असं म्हणणं चुकीचं ठरेल. 'परिसर अभ्यास'मध्ये शरीर, आहार, स्वच्छता, कुटुंब आणि आजार हे विषय प्राथमिक इयत्तांपासून आहेत. बालभारतीच्या 'खेळू, करू, शिकू' या पुस्तकात आरोग्य आणि शारीरिक शिक्षण आहे. 'मूल्यवर्धन' हा मूल्यशिक्षणाचा उपक्रम २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या सुमारे ५०० शाळांत सुरू झाला आणि पुढे राज्यभर नेण्यात आला. त्यात मुलं जोडीत, गटात बसून बोलतात, एकमेकांचं ऐकतात. २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार'ची घोषणा झाली. शनिवारी दप्तराचं ओझं बाजूला ठेवून योग, खेळ, आरोग्य, भावनिक कौशल्यं यांना वेळ द्यावा, असा त्यामागचा विचार आहे.

केंद्र पातळीवर आयुष्मान भारतअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाला. त्यात ११ विषय आहेत. मानसिक आरोग्य, नातेसंबंध, लिंगसमानता, पोषण, व्यसनांपासून बचाव, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा सुरक्षित वापर वगैरे. प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षित करायचे, अशी रचना आहे.

पण हा अभ्यासक्रम आखला गेला तो सहावीपासून पुढच्या मुलांसाठी. बदलापूरच्या मुली त्या वेळी बालवाडीच्या वयाच्या होत्या. म्हणजे धोका ज्या वयात आहे, त्या वयासाठीचा सलग अभ्यासक्रमच नाही. पहिली ते पाचवीत या विषयाचे तुकडे चार पुस्तकांत विखुरलेले आहेत आणि ते जोडून शिकवण्याची जबाबदारी वेळापत्रकात कोणाच्याच नावावर नाही.

२००७ ची सावली अजून आहे का?

आहे. एड्स नियंत्रणाच्या निमित्ताने केंद्राने आणलेल्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमावरून २००७ मध्ये देशभर वाद झाला. 'संस्कृतीला धोका', 'चित्रं अश्लील' असे आक्षेप घेतले गेले आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी त्यावर बंदी घातली. तो कार्यक्रम मोठ्या मुलांसाठी होता, प्राथमिक शाळेशी त्याचा संबंध नव्हता. तरी 'शरीर' हा शब्द आला की वाद ओढवतो, हा धडा शाळांनी त्यातून घेतला.

गंमत म्हणजे त्याच २००७ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा बाल अत्याचारांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केलेला होता. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सहन केल्याचं सांगितलं. निम्म्या प्रकरणांत अत्याचार करणारी व्यक्ती मुलाच्या ओळखीची किंवा विश्वासाच्या नात्यातली होती. पोक्सोखाली नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत तर आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार ९० टक्क्यांहून अधिक आहे. 'अनोळखी काकांकडून चॉकलेट घेऊ नकोस' एवढीच शिकवण त्यामुळे बहुतेक मुलांच्या उपयोगाची नाही.

न्यायालयांचा सूर मात्र बदललेला दिसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटलं की लैंगिक शिक्षण नववीपासून नव्हे, तर लहान वयापासून द्यायला हवं.

'गुड टच, बॅड टच' या शब्दांत अडचण काय?

या क्षेत्रात काम करणारे बरेच जण आता 'सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श' असे शब्द वापरतात. कारण सोपं आहे. डॉक्टरांनी सुई टोचली तर मुलाला 'वाईट' वाटतं, पण तो स्पर्श सुरक्षित असतो. उलट, गोड बोलून, गुदगुल्या करत, खाऊ देत केलेला स्पर्श 'वाईट' वाटेलच असं नाही. मग मूल गोंधळतं, 'मला तर वाईट वाटलं नाही, म्हणजे माझीच चूक.'

म्हणून 'कसं वाटलं' याच्या जोडीला मुलांना ठोस नियम लागतात. चड्डी-बनियनने झाकलेले भाग खासगी असतात. स्वच्छता किंवा तपासणीसाठी गरज असल्याशिवाय तिथे कोणी हात लावायचा नाही, पाहायचं नाही, फोटो काढायचा नाही आणि आपल्याला त्यांच्या खासगी भागाला हात लावायला सांगायचं नाही. तपासणीच्या वेळी आई-बाबा किंवा घरचं मोठं माणूस सोबत हवं. आणि 'हे कोणाला सांगू नकोस' असं कोणी म्हटलं, तर ते नक्की सांगायचं.

वाढदिवसाचं सरप्राइज आणि गुपित यांतला फरकही इथेच शिकवता येतो. सरप्राइज काही दिवसांनी सगळ्यांना कळतं आणि सगळे खूश होतात. जे कधीच कोणाला सांगायचं नाही आणि ज्याने पोटात गोळा येतो, ते गुपित ठेवायचं नाही.

अवयवांना नावं कोणती द्यायची?

मराठी शाळेत ही खरी अडचण आहे. नाक, कान, डोळे यांची नावं बालवाडीतच पाठ होतात. कंबरेखाली आलो की भाषा संपते. 'शूची जागा', 'तिथे', 'खाली' किंवा घराघरातले लाडके शब्द सुरू होतात. 'लिंग', 'योनी' हे शब्द शिक्षकांना पुस्तकी वाटतात आणि बोलीतले शब्द शिवीसारखे.

याचा परिणाम साधा नाही. समजा घरात एखाद्या अवयवाला 'फूल' म्हणतात आणि मुलगी बाईंना म्हणाली, 'दादाने माझ्या फुलाला हात लावला.' तीस मुलांच्या गलक्यात बाई काय समजतील? 'बरं, नवीन फूल आणू आपण.' मुलीने सांगितलं, पण ते कोणाला ऐकूच गेलं नाही. ती पुन्हा सांगेल याची खात्री नाही. पुढे पोलीस आणि न्यायालयासमोरही तिचे शब्दच महत्त्वाचे ठरतात. म्हणून शास्त्रीय नावं लहानपणीच, नाक-कानाच्या सुरातच सांगावीत, असा सल्ला दिला जातो. शब्द अश्लील नसतो. मोठ्यांचा चेहरा बदलला की मुलाला तो अश्लील वाटू लागतो.

इंग्लंडमध्ये हे कसं चालतं?

तिथे सप्टेंबर २०२० पासून सर्व प्राथमिक शाळांत 'रिलेशनशिप्स एज्युकेशन', म्हणजे नातेसंबंधांचं शिक्षण सक्तीचं आहे. सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांत आरोग्य शिक्षणही सक्तीचं आहे. कुटुंब, मैत्री, आदर, ऑनलाइन वागणं आणि सुरक्षितता असे त्याचे भाग आहेत. लैंगिक शिक्षण मात्र प्राथमिक शाळेत सक्तीचं नाही. शाळेने ते ठेवलं, तर पालक मुलाला त्या तासातून वगळायला सांगू शकतात. नातेसंबंध आणि आरोग्याच्या तासांतून वगळता येत नाही. शाळेला धोरण ठरवताना पालकांशी चर्चा करावी लागते आणि ते धोरण वेबसाइटवर टाकावं लागतं. सुधारित मार्गदर्शक तत्त्वं जुलै २०२५ मध्ये जाहीर झाली असून ती सप्टेंबर २०२६ पासून लागू होण्याचं ठरलं आहे.

वाद तिथेही झाले. २०१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका प्राथमिक शाळेबाहेर पालकांची निदर्शनं इतकी वाढली की प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि शाळेलगतच्या निदर्शनांवर मनाई आली. म्हणजे पालकांची शंका ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. फरक इतकाच की तिथे काय सक्तीचं, काय ऐच्छिक आणि पालकांचा अधिकार कुठे सुरू होतो, हे कागदावर स्पष्ट आहे. आपल्याकडे ही रेषाच आखलेली नसल्याने मुख्याध्यापक सगळंच टाळणं पसंत करतात.

शिकवल्याने खरंच फरक पडतो का?

या प्रश्नाचं सर्वांत पद्धतशीर उत्तर २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात मिळतं. वेगवेगळ्या देशांतल्या २४ चाचण्या आणि एकूण ५,८०२ मुलं त्यात होती. शाळेत असं शिक्षण मिळालेल्या मुलांचं ज्ञान आणि स्वतःचा बचाव करण्याची कौशल्यं वाढली. ज्या चाचण्यांत मुलांनी अत्याचाराची वाच्यता केली का हे तपासलं, तिथे शिक्षण न मिळालेल्या दर हजार मुलांत सुमारे ४ जणांनी तोंड उघडलं, तर शिक्षण मिळालेल्यांत सुमारे १४ जणांनी. मुलं त्यामुळे घाबरट किंवा अस्वस्थ होतात, याचा पुरावा मिळाला नाही.

दोन मर्यादाही आहेत. या शिक्षणामुळे अत्याचारच कमी होतात का, हे त्यातून सिद्ध झालेलं नाही. आणि त्या चाचण्यांत भारतातली एकही नव्हती. म्हणून 'मुलाला शिकवलं, आता ते सुरक्षित' असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे.

इंजिनिअरिंगमध्ये 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' अशी कल्पना आहे. सगळी यंत्रणा एकाच भागावर अवलंबून असेल, तर तो भाग निकामी झाला की सगळं बंद पडतं. सहा वर्षांच्या मुलाने 'नाही' म्हणावं, पळून जावं आणि येऊन सांगावं, यावरच सगळी सुरक्षितता टांगून ठेवणं म्हणजे नेमकं तेच. मोठ्या माणसाला अडवणं हे मुलाचं काम नाही. कर्मचाऱ्यांची पडताळणी, स्वच्छतागृहाकडे लक्ष, स्कूल बसमध्ये महिला मदतनीस, चालू असलेले कॅमेरे हे मोठ्यांनी करायचं काम आहे. मूल बोललं तर ते ऐकणारं कोणीतरी असावं, यासाठी शिक्षण आहे.

मग शिकवणार कोण?

वर्गशिक्षकच. बाहेरच्या संस्था प्रशिक्षण देऊ शकतात. मुंबईतली 'अर्पण' ही संस्था अनेक वर्षं या विषयावर शाळांबरोबर काम करते. पण पाहुणे निघून जातात. मूल बोलतं ते चार दिवसांनी, डबा खाताना, रोजच्या बाईंशी किंवा गुरुजींशी.

त्या क्षणी शिक्षकाने काय करायचं, हे प्रशिक्षणात सर्वांत आधी यायला हवं. शांतपणे ऐकायचं. 'खरं सांगतेस ना?' असं विचारायचं नाही. 'तुझी काही चूक नाही, तू सांगितलंस हे चांगलं केलंस' एवढं म्हणायचं. पुन्हा पुन्हा तपशील विचारून उलटतपासणी करायची नाही. 'मी कोणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, कारण कायद्याने कळवणं भाग आहे. मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे. मुख्याध्यापकांना आणि पोलिसांना कळवायचं. मुलाचं नाव इतर शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचं नाही. पीडित मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

राज्यात मार्च २०२२ पासून शाळांमध्ये 'सखी सावित्री समिती' स्थापन करण्याचे निर्देश आहेत. पण दोन शिक्षक आणि चार वर्ग असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत समितीही तीच, पोषण आहाराचा हिशेबही तेच आणि ऑनलाइन माहिती भरणारेही तेच. नव्या विषयाला नवा तास आणि प्रशिक्षणाचे दिवस दिले नाहीत, तर समिती कागदावरच राहणार.

कोणत्या इयत्तेत किती सांगायचं?

वयानुरूप म्हणजे काय, याचा एक ढोबळ आराखडा असा असू शकतो :

• पहिली-दुसरी : भावनांची नावं. शरीराच्या सर्व अवयवांची नावं. खासगी भागांचा नियम. मदत मागता येईल अशी पाच विश्वासू माणसं, त्यातलं किमान एक घराबाहेरचं. हात धुणं, दात, झोप.

• तिसरी-चौथी : सरप्राइज आणि गुपित. मित्र चिडवतात तेव्हा काय करायचं. 'नाही' म्हणणं आणि दुसऱ्याचं 'नाही' ऐकणं. मोबाइल, गेममधलं चॅट, फोटो. १०९८ हा नंबर तोंडपाठ.

• पाचवी : वयात येतानाचे बदल, मुलगे आणि मुली दोघांनाही. काही मुलींना पाळी पाचवीतच येते. तिला ती आल्यावर कळलं तर उशीर झालेला असतो. जाहिराती, जंक फूड, तंबाखू-गुटखा.

यातल्या कशातही लैंगिक संबंधांचं वर्णन नाही. 'लहान मुलांना नको ते शिकवतील' ही भीती असलेल्या पालकांना शाळेने हा आराखडा आधीच हातात दिला, तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

पालकांनी काय करावं?

घरात सुरुवात अंघोळ घालताना होते. 'आता इथला साबण तूच लाव' एवढ्या वाक्यातूनही शरीर तुझं आहे, हे पोहोचतं. पाहुणे आल्यावर 'काकांना पापी दे' असा आग्रह टाळा. मूल नमस्कार करेल, हात हलवेल, तेवढं पुरे. नातेवाइकाला वाईट वाटेल म्हणून मुलाला जबरदस्ती केली, तर मोठ्यांपुढे 'नाही' चालत नाही, हेच ते शिकतं.

आणि शाळेच्या पहिल्या पालकसभेत फी आणि गणवेशाच्या जोडीला चार प्रश्न विचारा. हा विषय आठवड्यात कोणत्या तासाला आहे? वर्गशिक्षकांचं प्रशिक्षण झालं का? सखी सावित्री समितीत कोण कोण आहे? माझ्या मुलाने काही सांगितलं, तर पुढच्या तासाभरात शाळा काय करेल?

शेवटच्या प्रश्नावर मुख्याध्यापक क्षणभरही न अडखळता उत्तर देऊ शकले, तर शाळेने या विषयाची तयारी केली आहे असं समजायला हरकत नाही. उत्तर आलं नाही, तर पुढच्या सभेत तोच प्रश्न पुन्हा विचारा.

(मुलांवरील अत्याचाराबाबत मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८ हा क्रमांक २४ तास मोफत उपलब्ध आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ वर संपर्क साधता येतो.)